लागली तर?

शिकारीला निघताना बरोबर किती काडतुसे घ्यावीत, हा प्रश्न दिसायला अंकगणिताचा असला, तरी मराठीत तो व्याकरणाचा आहे. काडतूस ‘लागते’ म्हणजे त्याची गरज पडते आणि गोळी ‘लागते’ म्हणजे ती सावजात शिरते. एकाच क्रियापदाचे हे दोन अर्थ व्यस्त प्रमाणात चालतात. गोळी लागली की काडतुसे लागत नाहीत; गोळी लागत नाही तोवर काडतुसे लागतच राहतात. बंदूक, परवाना, बूट, बॅटरी, चहाची किटली यांची जुळवाजुळव संपली, की शिकारी उघड्या पिशवीसमोर मांडी घालून बसतो आणि ‘लागली तर?’ व ‘नाही लागली तर?’ या दोन प्रश्नांमध्ये झोके घेत राहतो.

भारतातील हौशी शिकाऱ्यापुरते या प्रश्नाचे उत्तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने देऊन टाकले आहे. ते उत्तर शून्य. त्यामुळे हा विषय अभ्यासायचा तर एकतर जुन्या काळात जावे लागते, नाहीतर अमेरिकेत.

अमेरिकेत दर वर्षी पानगळीच्या दिवसांत हरणांच्या शिकारीचा हंगाम येतो. बऱ्याच शिकाऱ्यांच्या खिशात एकाच हरणाची परवानगी असते आणि दुसऱ्या खिशात वीस गोळ्या असतात. वीसच का, याला शास्त्रीय आधार नाही. रायफलीच्या काडतुसांची पेटी वीसची येते, एवढेच. घरात चहापूड किती असावी हे जसे पुडा बांधणारा ठरवतो, तसेच हे. मात्र ‘पेटी वीसची होती म्हणून वीस घेतली’ असे कोणी कबूल करत नाही. शिकारी आधी पेटी उचलतो आणि मग तिचा हिशेब बसवतो.

तो हिशेब असा: प्रवासात धक्के बसून दुर्बिणीचा नेम हललेला असू शकतो, म्हणून मुक्कामी पोचल्यावर पुठ्ठ्यावर झाडायला तीन. प्रत्यक्ष हरणाला एक. ते जखमी होऊन पडले तर त्याचे हाल संपवायला आणखी एक. रानात वाट चुकली तर मदत मागायला तीन, कारण ठरावीक अंतराने काढलेले तीन बार ही तिथली संकटाची खूण आहे. हे झाले आठ. उरलेली बारा ‘अडीनडीला’. अडीनड नेमकी कोणती, हे विचारायचे नसते. फार खोदून विचारले, तर अस्वलाचे नाव निघते.

संकटाच्या खुणेची एक गोची आहे. हंगामाच्या पहिल्या दिवशी डोंगरात चारी बाजूंनी बार होत असतात. एका हरणावर लागोपाठ तीन गोळ्या झाडून तिन्ही हुकवणारा नवशिका लांबून ऐकणाऱ्याला संकटात सापडल्यासारखाच वाटतो. एका अर्थी तो असतोही. उलट खरोखर वाट चुकलेला माणूस तीन बार काढतो, तेव्हा पलीकडच्या टेकडीवरचा शिकारी ‘हुकलं वाटतं’ म्हणून समाधानाने हसतो आणि थर्मासचे झाकण उघडतो.

वीस गोळ्यांचा बेत साधारण पहिल्या चढापर्यंत टिकतो. थर्टी-ऑट-सिक्स हे अमेरिकेतले १९०६ सालापासून चालत आलेले लोकप्रिय काडतूस. एकाचे वजन साधारण पंचवीस ग्रॅम, म्हणजे वीसचे अर्धा किलो. हे अर्धा किलो घरच्या जिन्यात कळत नाही. कोलोरॅडोत एल्क नावाच्या दांडग्या हरणाच्या मागे तीन हजार मीटर उंचीवर धापा टाकताना मात्र त्यातला ग्रॅमन्‌ग्रॅम कळतो. पहिल्या दिवशी वीस, दुसऱ्या दिवशी दहा, तिसऱ्या दिवशी बंदुकीत मावतील तेवढी: हरीण कुठेच दिसलेले नसताना काडतुसे मात्र अशी घटत जातात. तिसऱ्या दिवसाचा आकडा बंदूक बनवणाऱ्याला पहिल्यापासून ठाऊक होता. बहुतेक शिकारी रायफलींच्या कोठीत तीन ते पाचच गोळ्या बसतात.

वजनाखालोखाल त्रास आवाजाचा. खिशातली सुटी काडतुसे सुट्या नाण्यांसारखी खुळखुळतात आणि हरणाचे कान त्यासाठीच घडलेले आहेत. म्हणून ती कापडाच्या किंवा चामड्याच्या कप्प्यांत एकेक करून खोचतात. छातीवर तिरपा काडतुसांचा पट्टा फोटोत रुबाबदार दिसतो, पण तो घालून जमिनीवर पोटाने सरकून पाहावे; दहा पावलांत रुबाब बरगड्यांत रुततो. दुसरी गफलत मापांची. बारा बोअरच्या नळीत वीस बोअरचे काडतूस चुकून गेले, तर ते आत घसरून मध्येच अडकते. नळी रिकामी समजून मागून बारा बोअरचे भरून चाप ओढला, की नळी फुटते. हे टाळण्यासाठी वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करतात. या ‘बोअर’च्या आकड्यांचाही उगम स्वयंपाकघरातल्या मापांसारखा आहे. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. आकडा लहान तितकी नळी मोठी.

हा हिशेब टोकाला नेणारा माणूस म्हणजे सॅम्युएल बेकर. नाईलच्या उगमाच्या शोधात फिरणाऱ्या या इंग्रजाकडे अर्ध्या पौंडाचा गोळा उडवणारी एक बंदूक होती आणि तिचे लाडके नाव होते ‘बेबी’. बाळाचे वजन वीस पौंड. ते बाळ झाडायला बेकर स्वतःच घाबरत असे, कारण बार होताच धक्क्याने तो गर्रकन फिरे. असल्या बंदुकीसाठी किती दारूगोळा न्यावा हा प्रश्न पडत नाही. खांदा किती बार सोसेल एवढाच प्रश्न उरतो. पुढे आफ्रिकेतच वॉल्टर बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने याच्या नेमके उलटे केले. त्याने हजाराहून अधिक हत्ती मारले आणि त्यांतले बहुतेक इतरांनी हरणांसाठी ठेवल्या असत्या अशा हलक्या रायफलीने. गोळी लहान, वजन कमी, किंमत कमी, धक्का नाही. त्यासाठी त्याने हत्तीच्या कवटीचा नीट अभ्यास केला होता. काडतुसांपेक्षा अभ्यास उचलायला हलका, हे त्याला उमगले होते. हत्तींच्या दृष्टीने ही प्रगती म्हणता येत नाही.

कमीत कमी किती, या प्रश्नावरचा अभिजात प्रसंग १९०७ सालचा आहे. कुमाऊँमधील चंपावतच्या वाघिणीने तोवर ४३६ माणसे मारल्याची नोंद होती. तिच्या मागावर गेलेल्या जिम कॉर्बेटने शेवटच्या हाक्याच्या दिवशी बरोबर तीन काडतुसे घेतली. त्याचे गणित निर्दोष होते: वाघीण दोनच बार काढायची संधी देईल, तिसरे अडीनडीला. महाराष्ट्रातली कोणतीही आजी जवळ असती, तर ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ म्हणून तिने चौथे खिशात कोंबले असते, किंवा गेला बाजार दारात एक खडा तरी हातात दिला असता. पण आजी कुमाऊँत नव्हती.

हाक्याला तहसीलदाराने २९८ माणसे जमवली होती. त्यांच्याजवळ नाना तऱ्हेच्या बंदुका होत्या आणि दारूगोळ्याची ददात नव्हती. डोंगरमाथ्यावरून त्यांनी तो मनसोक्त उडवला. म्हणजे त्या दिवशी दरीत सर्वांत कमी काडतुसे नेमकी त्याच माणसाकडे होती, ज्याला ती सर्वांत जास्त लागणार होती. सामूहिक कामांचा अनुभव असलेल्याला यात नवल वाटणार नाही.

वाघीण बाहेर पडली. पहिली गोळी हुकली. दुसरी लागली, तिसरीही लागली, पण वाघीण पडेना. कॉर्बेटच्या हातात रिकामी रायफल, समोर जखमी वाघीण, आणि अडीनड तर आताच सुरू झालेली. तो धावत तहसीलदाराकडे गेला आणि त्याची बंदूक हिसकावून परत आला. जवळ गेल्यावर त्याच्या ध्यानात आले, की त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये जवळजवळ एक सेंटिमीटरची फट आहे. पण तेव्हा दुसरी बंदूक मागवायची सोय नव्हती. वीसेक फुटांवरून त्याने वाघिणीच्या उघड्या जबड्याचा नेम धरला आणि गोळी लागली पुढच्या पंजाला, तीही इतकी वरवर की नंतर ती नखांनी उकरून काढता आली. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी. पंजावरची टिचकी निमित्ताला. हा सगळा हिशेब कॉर्बेटने पुढे आपल्या पुस्तकात स्वतःच्या फजितीसकट लिहून ठेवला. शिकारकथा लिहिणाऱ्यांत हे विरळाच. बाकीच्यांच्या कथेत काडतुसे नेहमी नेमकी पुरतात.

जास्तीत जास्त किती, याचे उदाहरण त्याहून जुने आहे. १८०४ ते १८०६ या काळात मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिकपर्यंत गेले आणि परत आले. वाटेत दुकान नव्हते आणि तीसेक माणसांचे पोट मुख्यतः शिकारीवर चालायचे होते. राबता माणूस दिवसाला चार किलोपर्यंत मांस खाई. अशा मोहिमेला दारूगोळा किती न्यावा, याचे उत्तर लुईसने आकड्यात न देता डब्यात दिले. त्याने शिशाचे बावन्न डबे करवून घेतले. प्रत्येक डब्यात चार पौंड बंदुकीची दारू आणि डब्याचे स्वतःचे वजन आठ पौंड. दारू संपली की रिकामा डबा वितळवायचा आणि त्याच्या गोळ्या पाडायच्या. त्या नेमक्या तेवढ्या दारूला पुरतात. डबा शिशाचा असल्याने नदीत बुडाला तरी आत पाणी शिरत नाही. खाऊन टाकता येणारे भांडे म्हणजे द्रोण नव्हे तर पोळीच, अशी ही कल्पना आहे. शिकारीच्या दारूगोळ्याच्या इतिहासात इतका नेटका विचार क्वचितच झाला असेल.

मराठीने इथे पुन्हा एक खोडी करून ठेवली आहे. ‘दारू’ हा शब्द बंदुकीलाही लागतो आणि गळ्यालाही. लुईस-क्लार्कच्या मोहिमेची पिण्याची दारू ४ जुलै १८०५ रोजी, राष्ट्रदिनाच्या मुहूर्तावर, शेवटच्या थेंबापर्यंत संपली. त्यानंतर सव्वा वर्ष मोहीम कोरडी चालली. बंदुकीची दारू मात्र परत येईपर्यंत पुरून उरली. म्हणजे एका दारूचा अंदाज अचूक आणि दुसरीचा साफ चुकलेला. एरवी शिकारीच्या सहलींत हा प्रकार बरोबर उलटा होतो, हे गावोगावचे अनुभवी लोक सांगतील.

दारूगोळा उरण्याचाही धोका असतो, हे लुईसला परतीच्या वाटेवर कळले. ११ ऑगस्ट १८०६ रोजी तो पिएर क्रुझात या सोबत्याबरोबर झाडीत एल्कच्या मागे गेला. क्रुझात फिडल उत्तम वाजवी, होडी उत्तम हाकी. पण त्याचा एक डोळा गेलेला होता आणि दुसऱ्याला लांबचे नीट दिसत नसे. लुईसने कपडे चामड्याचे घातलेले होते. झाडीत काहीतरी तपकिरी हलले आणि गोळी मोहिमेच्या नायकाच्या पार्श्वभागात आरपार गेली. पुढचे काही दिवस नायक होडीत पालथा पडून प्रवास करत होता. खंड पार करून आणलेली काटकसरीची एक गोळी, आणि ती नेमकी लागली.

पाखरांच्या शिकारीत सगळेच गणित बदलते. तिथे काडतुसात एक गोळी नसून शेकडो बारीक छर्रे असतात, पेटी पंचवीसची असते आणि नेम धरायला क्षणभरही मिळत नाही. अमेरिकेत होल्यांच्या शिकारीत दिवसाला पंधरा पाखरांची मर्यादा आहे. पंधरा पाखरांना पंधरा काडतुसे न्यावीत, असा विचार करणाऱ्या माणसाने होला उडताना पाहिलेला नसतो. जाणती माणसे दोन-तीन पेट्या नेतात आणि संध्याकाळी रिकाम्या पुंगळ्या मोजत नाहीत. सरकारने मात्र मोजायचे ठरवले. १९३५ सालापासून स्थलांतरी पाखरांसाठीच्या बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे भरता येत नाहीत. त्यासाठी कोठीत लाकडाची खुंटी ठोकतात. कॅलिफोर्नियातल्या काही सरकारी पाणथळ क्षेत्रांत तर बदकांच्या शिकारीला जाताना माणशी पंचवीसच काडतुसे नेऊ देतात. कारण शेजारच्या लपणातला शेजारी. काडतुसे भरपूर असली की काही जण टप्प्याबाहेर उंच उडणाऱ्या थव्यावर बार काढून आभाळाला भोके पाडतात. बदक पडत नाही, पण बाकीच्यांची बदके उडून जातात. काडतुसे मोजकी असली, की हाच माणूस एकाएकी नेमबाज होतो.

एके काळी इंग्लंडच्या उमरावांना अशी कोणतीही मर्यादा नव्हती. ३० ऑगस्ट १८८८ रोजी लॉर्ड वॉल्सिंगहॅम याने यॉर्कशरच्या माळावर एका दिवसात एकट्याने १,०७० ग्राउस पक्षी पाडले. काडतुसे दीड हजाराच्या घरात लागली. अर्थात ती त्याने वाहून नेली नव्हती. बंदुका भरून हातात द्यायला माणसे होती. दुसऱ्याने वाहायची असली, की ‘लागली तर’ हा प्रश्न एकदम सोपा होतो. याच लॉर्डने बारीक पतंगांचा जगातला एक थोर संग्रह जमवून लंडनच्या संग्रहालयाला दिला. पतंगांना काडतुसे लागत नाहीत, टाचण्या लागतात. आज ही उमरावी हौस अर्जेंटिनातल्या कोर्दोबा प्रांतात पुरवली जाते. तिथे शेतावर उतरणाऱ्या होल्यांवर मर्यादा नाही आणि परदेशी पाहुणे दिवसाला हजार-हजार काडतुसे झाडतात. राहणे, जेवण आणि खांद्याला लावायला मलम ठरलेल्या दरात. काडतुसांचे बिल वेगळे, पेटीगणिक. तिथे काडतुसे किती लागतील याचा अंदाज शिकारी बांधत नाही, त्याची बँक बांधते.

विमानाने जाणाऱ्याचा प्रश्न विमान कंपन्या सोडवतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार एका प्रवाशाला वेष्टनासह पाच किलो दारूगोळा, तोही सोबतच्या पिशवीत नव्हे तर जमा केलेल्या सामानात, एवढाच नेता येतो. दक्षिण आफ्रिकेत शिरताना एका बंदुकीमागे दोनशे काडतुसांची मर्यादा आहे. दहा दिवसांच्या सफारीला चाळीस-साठ पुरतात, असे तिथले वाटाडे सांगतात. शिकारी मान डोलावतो आणि वजनकाट्यावर पाच किलोला वीस ग्रॅम कमी अशी पेटी ठेवतो. नियमाने दिलेली मर्यादा हा आपला कोटा असून तो घेतला नाही तर वाया जाईल, ही समजूत रेशनच्या रांगेपुरती नाही.

काडतुसे मुळीच न लागणारी शिकारही होती आणि ती कोल्हापुरात होत असे. संस्थानच्या शिकारखान्यात पाळलेले चित्ते असत. देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर आफ्रिकेतून आणवले जात. गाडीवरून चित्ता माळावर न्यायचा, डोळ्यांवरची टोपी काढायची आणि काळविटाच्या कळपाकडे सोडायचा. हुकले तर चित्ता रुसून बसायचा आणि चित्तेवान त्याची समजूत घालायचा. दारूगोळ्याचा खर्च नाही, पण चित्त्याला रोज मटण लागते, आणि ते ‘लागली तर’ या सदरात बसत नाही.

आजच्या महाराष्ट्रात बंदुकीचा प्रश्न कोकणात उरला आहे, आणि तो हौसेचा नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरीकडे शेतीसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत, त्यांतल्या पुष्कळ ठासणीच्या. ठासणीच्या बंदुकीत काडतूस नसते. दारू ओतायची, चिंधी कोंबायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे, केप चढवायची. एवढे होईपर्यंत रानडुक्कर कंद उकरून, पोट भरून, पलीकडच्या वाडीत पोचलेले असते. दुसऱ्या बाराची वेळ सहसा येतच नाही, त्यामुळे किती दारू न्यावी याचा घोर या शेतकऱ्याला नाही. तसाही तो आकडा त्याच्या हातात नसतो. एका वेळी किती दारूगोळा बाळगायचा आणि वर्षात किती विकत घ्यायचा, हे परवान्यावरच लिहिलेले असते. निवडणूक लागली, की बंदूकच पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आचारसंहिता डुकरांना लागू नसल्याने ती त्या काळात निर्धास्त प्रचार करत हिंडतात, आणि पीक हाताशी आलेले असताना शेतकरी पत्र्याचा डबा बडवत रात्र काढतो. डब्याला परवाना लागत नाही.

राहता राहिली उरलेली काडतुसे. शिकारीहून परतल्यावर बंदूक पुसली जाते, मांस शीतपेटीत जाते, फोटो पाठवले जातात. काडतुसे मात्र जिथे खोचली तिथेच राहतात. एखादे जाकिटाच्या अस्तरात, एखादे गाडीच्या सीटखाली, एखादे पाठपिशवीच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, आणि ती पिशवी पुढच्या महिन्यात ऑफिसला, मग सुट्टीला, मग माहेरी जाते. भारतातल्या विमानतळावर क्ष-किरण यंत्रात एक काडतूस दिसले, तरी विमान चुकते आणि शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. ‘विसरून राहिले’ हे म्हणणे खरे असले तरी ते कोर्टात पटवावे लागते. तेव्हा टेक्सासहून किंवा मिशिगनहून दिवाळीला घरी येणाऱ्या मंडळींनी निघण्याच्या आदल्या रात्री पाठपिशवी पलंगावर पूर्ण उलटी करून झटकावी, आणि आतल्या चेनच्या कप्प्यात हात घालून पाहावा.